गुंजाळ सरांचं वजाचिन्ह

सावेडीतल्या आमच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की सेक्रेटरी म्हणून मी त्याचं आधारकार्ड मागतो. वरच्या मजल्यावरचे गुंजाळ सर त्याला आणखी दोन शेजाऱ्यांबरोबर चहाला बसवतात. "दोघांचं कुणाचंही जमतं हो, तिघं बसवून बघा!" हे त्यांचं पालुपद. तिघांत वाजलं की सर खूश.

सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. रिटायर झाल्यापासून विस्तारित सममिती बीजगणितांची यादी करतात. एकदा दोघं लिफ्टमध्ये अडकलो, म्हणून मला ऐकावं लागलं. दोनच मितींच्या जगाचे काही नियम, म्हणजे एक घर समजा. त्यात नवा सदस्य घालायचा. कुठल्याही दोघांचा गुणाकार केला तरी उत्तर घरातलंच हवं, आणि तिघांना कुठल्याही क्रमानं घेतलं तरी हिशेब जुळायला हवा. जुळला तर यादीत, नाहीतर काट. कुणी नेमलंय यांना या कामाला, देव जाणे.

एकेक हिशेब वीस-वीस पानांचा. ताळा करायला सरांच्या पत्नी विमलकाकू मोठ्यानं वाचायच्या आणि सर वहीवर बोट फिरवायचे. काकू तिसगावच्या, कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या. एक दिवस त्या मध्येच थांबल्या. "मागल्या पानावर हितं वजा हुतं. तुमी अधिक केलंय."

"तुला काय कळतंय त्यातलं?" सर म्हणाले, आणि ते बीजगणित जुळत नाही म्हणून काटून टाकलं. काकूंनी चष्मा डबीत ठेवला आणि एसटीनं तिसगावला भावाकडं गेल्या. आठ महिने झाले. एका चिन्हापायी! सर आम्हाला सांगायचे, "भावाकडं काम आहे."

मागच्या आठवड्यात सर पडलेल्या चेहऱ्यानं खाली आले. सरांनी इंटरनेटवर टाकलेले हिशेब वाचून परदेशातल्या कुण्या संशोधक मुलीनं ईमेल केला होता. काटलेलं बीजगणित जुळतं, फक्त एक चिन्ह चुकलंय.

"विमल बरोबर होती," सर म्हणाले.

"मग मला काय सांगता? त्यांना सांगा की!" मी वैतागलो. सरांनी मोबाईल माझ्याच हातात दिला. शेवटी मीच लावला, स्पीकरवर.

"चूक माझी होती," सर एकदम म्हणाले. "वजाच होतं."

पलीकडून काकूंचा आवाज आला, "त्या पानावर अजून एक चूक हाय."

वही सरांच्या बगलेतच होती. त्यांनी ती उघडली नाही.

"फोनवर नको सांगू," ते म्हणाले. "इथं येऊन दाखव. मला एकट्याला न्हाई गं सापडायची."