खंडेराव गव्याची सॅक

एका जंगलात, सह्याद्रीतल्याच, पण नाव सांगणार नाही कारण तिथले सगळे मला ओळखतात, खंडेराव नावाचा एक गवा राहत होता. मुलांनो, गवा असला तरी आपण त्यांना अहोजाहो करायचं. का, ते विचारू नका. आणि मागे बसून शेंगा खाणाऱ्यांनो, टरफलं खिशात ठेवा.

खंडेरावांच्या बायकोचं नाव यमुनाबाई. त्यांच्या घराच्या वर एक घाट होता, घाटाच्या वर पठार होतं आणि पठारावर कारवी होती. कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते. फुलली की तीन-चार आठवडे सगळं पठार जांभळं. मग सगळं वाळून जातं आणि पुन्हा सात वर्षं थांबायचं.

यमुनाबाईंना तो बहर बघायचा होता. नवऱ्याबरोबर, सायकलवरून जाऊन, वर बसून थालीपीठ खात. बास, एवढंच. पण मागच्या बहराला खंडेराव बूट निवडत होते आणि त्याच्या मागच्या बहराला सायकल. बाईंची चौदा वर्षं अशीच गेली होती आणि आता त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते.

"कळ्या धरल्यात हं," यमुनाबाई म्हणाल्या. "या रविवारी निघू. डबा मी करते."

"निघू की! पण डबा ठेवायचा कशात?"

"कॅरिअरला लावा."

खंडेराव सायकलची चेन पुसायला लागले. त्यांनी कॅरिअर कधीच काढून टाकलं होतं. खरे सायकलस्वार कॅरिअर ठेवत नाहीत, उगाच वजन वाढतं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. कॅरिअरचं वजन पाऊण किलो. खंडेरावांचं नऊशे. हसताय काय? तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

तर आता सॅक घेणं आलं. उंबराखाली वानरशेठचं दुकान होतं, तिथे खंडेराव गेले.

"सायकलसाठी सॅक दाखवा," ते म्हणाले. "पाठीला हवा लागली पाहिजे. खांदे ओढले जाता कामा नयेत. पुढे वाकलं की हेल्मेटला टेकता कामा नये. वर पावसाचं कव्हर हवं."

"न्यायचं काय आहे, साहेब?"

"दोन थालीपिठं."

वानरशेठ अजिबात हसला नाही. त्याचं दुकान अशा गिऱ्हाइकांवरच चालायचं. "घरी नेऊन घालून बघा. लेबल काढू नका, मळवू नका. नाही आवडली तर बदलून देऊ."

बदलून देऊ! मुलांनो, हे दोन शब्द ऐकले की भल्याभल्या गव्यांचं डोकं फिरतं.

खंडेरावांनी सॅक घरी आणली. आता ती कशी आहे ते कळायचं तर सायकल चालवायला हवी. पण बाहेर चालवली तर धूळ बसणार, चिखल उडणार आणि मळली की बदलून मिळणार नाही. खंडेरावांनी डोकं लढवलं. सायकल अंगणातच स्टँडवर लावली. सॅक प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पाठीवर घेतली. घाम लागू नये म्हणून मध्ये एक टॉवेल घातला. आणि लागले पायडल मारायला. कानाशी लेबल फडफडत होतं.

अर्ध्या तासात पाठ चिंब झाली.

"छे!" खंडेराव म्हणाले. "या सॅकमध्ये हवाच खेळत नाही."

"अहो, सायकल जागची हललेली नाही," यमुनाबाई म्हणाल्या. "हवा येणार कुठून?"

"तुला त्यातलं कळत नाही."

सॅक बदलली. दुसरीला मागे जाळी होती, पण तिची कड वशिंडाला टोचायची. तिसरीचा पट्टा पोटावर येऊन लागेचना. दोष अर्थातच पट्ट्याचा. चौथी खंडेरावांनी तज्ज्ञांना विचारून आणली. त्या जंगलात सॅकविषयी सगळे जण धामणताईंचा सल्ला घ्यायचे. "ही घ्या," ताई म्हणाल्या होत्या. "मी स्वतः वापरते. खांद्यांवर जराही ताण येत नाही." खंडेरावांच्या खांद्यांवर मात्र आला. धामणीला खांदे नसतात हे त्यांच्या लक्षात यायला पाच दिवस लागले. तुमच्या आत्ता आलं? वा, हुशार आहात. पाचवी सॅक शेजारच्या साळिंदरानं कौतुकानं जरा पाठीवर घेऊन बघितली. ती काही बदलून मिळाली नाही.

तोवर एक रविवार गेला, दुसरा गेला. पठार जांभळं झालं. मधमाश्यांचे थवेच्या थवे खंडेरावांच्या अंगणावरून वर जायचे. खंडेराव त्यांच्याकडे बघत स्टँडवर पायडल मारत राहायचे. पायडलच्या हिशेबानं त्यांचं एव्हाना कोकण बघून परत येणं झालं होतं.

"अहो, ऐका ना," यमुनाबाई म्हणाल्या. "डबा मी माझ्या हँडलला अडकवते. तुम्ही नुसते चला."

"हँडलला डबा? लोक काय म्हणतील? पुढचा रविवार नक्की. आता दोनच सॅक बघायच्या राहिल्यात."

पुढच्या रविवारी यमुनाबाई सकाळी उठल्या, थालीपिठं लावली, डबा फडक्यात बांधला आणि हँडलला अडकवला. सायकल घेऊन अंगणात आल्या. खंडेराव स्टँडवर होते, सातव्या सॅकसह.

"येताय?"

"अगं, हा डावा पट्टा एवढा बघतो आणि..."

"बरं," यमुनाबाई म्हणाल्या आणि गेल्या.

त्या दुपारी परत आल्या. शिंगांत जांभळ्या पाकळ्या अडकल्या होत्या, चेहरा लाल झाला होता. अंगणात पाय पसरून बसल्या.

"घाटात पाठीला घाम आला का गं?" खंडेरावांनी विचारलं.

हो, हेच विचारलं. बहर कसा होता, असं नाही विचारलं. त्या गव्याला कानफटात द्यावीशी वाटते ना? मलाही वाटते. रोज वाटते.

"आला की. भरपूर आला," यमुनाबाई म्हणाल्या. "वर एक म्हातारं सांबर भेटलं. एकटंच आलं होतं. तुमचं थालीपीठ त्याला दिलं." मग गुडघे चोळत म्हणाल्या, "झालं बाई बघून. आता पुढच्या खेपेला काही हा घाट चढवायचा नाही माझ्याच्यानं."

तीन आठवड्यांनी अकरावी सॅक आली आणि मुलांनो, ती बरोबर बसली! खांद्याला मऊ, वशिंडाला मोकळी, हेल्मेटला लागत नाही. खंडेरावांनी लेबल कापलं आणि सायकल स्टँडवरून खाली काढली. घाट चढून पठारावर गेले. खरंच सांगतो, पाठीवर काही आहे असं वाटतही नव्हतं.

पठारावर कोणी नव्हतं. कारवी वाळून काटक्या झाली होती. मी तिथे बसलो. डबा उघडला आणि तसाच बंद केला. चौदा वर्षं ती एकच गोष्ट मागत होती, आणि ती अशी होती की त्यासाठी मी नुसतं निघायला हवं होतं. मला फार वाईट वाटलं. खंडेरावांना, म्हणजे. खंडेरावांना वाटलं. ए, काय बघताय एकमेकांकडे? गोष्ट ऐका.

खंडेराव घरी आले.

"कशी आहे सॅक?" यमुनाबाईंनी विचारलं.

"उत्तम. पाठ एकदम कोरडी."

"मग डोळे का ओले?"

"वाऱ्यानं," खंडेराव म्हणाले.

तात्पर्य : सायकलसाठी सॅक निवडताना कधीही घाई करू नये. नीट वेळ दिला तर मनासारखी सॅक मिळतेच मिळते. कारवीच्या पुढच्या बहराला अजून सहा वर्षं दहा महिने आहेत. तेवढ्यात माझी पाण्याची बाटली निवडून होईल, असा अंदाज आहे.