अप्पांच्या दुकानाखालच्या दोन ओळी

अप्पा सकाळी दुकान उघडतात आणि उदबत्ती लावायच्या आधी मोबाइलवर स्वतःचंच दुकान शोधतात. मग दुकानाच्या नावाखाली ज्या दोन ओळी येतात, त्या पंचांग वाचावं तशा मोठ्यानं वाचतात. तोवर गिऱ्हाईक पिशवी धरून उभं.

परळीत देवळाच्या वाटेवर त्यांचं किराणा दुकान आहे. वेबसाइट मी करून दिली, हा माझा गुन्हा. "चार ओळींत माहिती सांगा," म्हटलं तर अप्पांनी चार पानं आणली. सुरुवातच 'मराठवाड्याची शान' अशी. शेवटी एक बारीक ओळ होती: 'शकूकाकूंची कारळ्याची चटणी आता मिळत नाही.' शकूकाकू म्हणजे त्यांची बायको. गेल्या वर्षी वारल्या. गिऱ्हाइकांना तेच तेच सांगून अप्पा बेजार झाले होते.

मी सगळं तसंच वेबसाइटवर टाकलं. आठ दिवसांत ते माझ्या कॉम्प्युटर क्लासवर हजर. "मास्तर, तुमचं मशीन लई खोडीचं हाय. शान सोडून शेवटचीच ओळ दाखवतंय. कावून?"

"अप्पा, वेबसाइटवर आपण काय दाखवा म्हणतो ते हे शोधणारं मशीन वाचतं, पण मानेलच असं नाही. माणसानं जे विचारलं, त्याला जुळणारी ओळ ते पानावरून उचलतं."

"मंग आमच्या शानीला काई इज्जत हाय का न्हाई?"

मी ती शान कापली, जोडली, वर चढवली. अप्पांचं गाऱ्हाणं संपेना. माझ्या मोबाइलवर दुकानाचं नाव टाकलं की मात्र शान ठळक दिसायची. शेवटी वैतागून दुकानात गेलो. म्हटलं, "द्या तो मोबाइल इकडं."

आधी शोधलेलं सगळं त्यात होतं. दुकानाचं नाव कुठंच नव्हतं. 'शकूची चटणी परळी.' रोज तेच. अप्पांनी काकूंना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. सगळा संसार 'अवं'वर झालेला.

"अप्पा, तुम्ही चटणी विचारताय. मशीन चटणीचंच सांगणार."

ते तराजूचं पारडं पुसत राहिले. मला फार वाईट वाटलं. "ती ओळ काढून टाकू का?"

"न्हाई. तिचं नाव तेवढ्या एकाच ओळीत हाय."

"मग रोज कशाला विचारता?"

"मशीनच हाय, मास्तर. एखांद्या दिशी चुकून 'मिळती' म्हनंल."

आता सकाळी मीही पिशवी घेऊन जातो. अप्पा वाचेपर्यंत थांबतो.