पंचावन्न डेसिबलची मधली सुट्टी

लहान मुलांचा आवाज हा मानवी प्रगतीतला एक जुना अडथळा आहे. वाहनांचा आवाज कामाचा असतो, बांधकामाचा विकासाचा असतो, मिरवणुकीचा श्रद्धेचा असतो; मुलांचा आवाज मात्र कशाचाच नसतो. मीरा रोडच्या एका मराठी प्राथमिक शाळेला हे कळायला एकतीस वर्षं लागली. (शाळा आधीची, शेजारची चौदा मजली सोसायटी नंतरची. पण आधी आलेल्यानं आवाज करावा, असाही कुठे नियम सापडत नाही.)

सोसायटीनं सत्त्याण्णव सह्यांचा अर्ज दिला आणि शाळा जागी झाली. मुख्याध्यापक उत्तम सरांनी आख्खा शनिवार-रविवार खर्ची घालून ‘मूक मधली सुट्टी : मार्गदर्शक सूचना’ तयार केल्या. मोबाइलवर आवाज मोजायचं एक फुकट ॲप घेतलं. मर्यादा ठरली पंचावन्न डेसिबल. ही मर्यादा मुळात ग्रंथालयासाठी सुचवलेली होती. शाळेला ग्रंथालय नसल्यामुळे ती मैदानाला लावण्यात आली.

पहिला प्रयोग दुसरी ‘ब’वर करायचा ठरला, तोही चाचणीच्या दिवशी, म्हणजे परीक्षा आणि सुट्टी अशा दोन्ही वेळची शांतता एकदमच मोजून होईल. दिवसभरात तीनदा मर्यादा ओलांडली, तर वर्गाची मधली सुट्टी वर्षभर बाकावर बसून. मात्र तिसऱ्या भंगाला जबाबदार विद्यार्थ्याचं नाव दिलं, तर बाकावर तो एकटाच बसेल, बाकीचा वर्ग मोकळा. यापेक्षा दयाळू नियम करणं कठीण आहे.

वर्गशिक्षिका रुचिताबाईंनी सकाळी नोटीस वहीत ‘परिशिष्टांसह वाचले’ या शब्दांखाली सही केली. परिशिष्टं उलटायला सवड नव्हती, एक्केचाळीस पेपर मोजायचे होते. आणि त्यांच्या मनात धाकधूक होती ती एकाच गोष्टीची : संजनाचं हसणं.

संजना सात वर्षांची. तिचे वडील महिपत त्याच सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन, दिवसा घरी झोपतात. घर म्हणजे एक खोली. त्यामुळे संजना घरात चवड्यांवर चालते, कुजबुजत बोलते, आणि साठलेलं सगळं शाळेत मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटांत मोकळं करते. तिचं हसणं एकदा सुरू झालं की तिच्या हातात राहत नाही. बाईंनी तिला जवळ बोलावून सांगितलं होतं, आजचा दिवस तेवढा सांभाळ. तिनं मान डोलावली होती (आवाज न करता).

चाचणी नऊला सुरू झाली. उत्तम सर मोजे घालून, चपला हातात धरून व्हरांड्यात फिरत होते. पहिली वीस मिनिटं आकडा एकोणपन्नासवर होता. त्यातले बरेचसे डेसिबल पंख्याचे. मग सूरजनं हात वर केला.

“बाई, उत्तर येत नसेल तर काय लिहायचं?”

प्रश्न रास्त होता. त्यावर चाळीस मुलांनी आपापल्या अनुभवातून एकदमच मार्गदर्शन केलं. अडुसष्ट. पहिला भंग.

दुसरा भंग दहा वाजता झाला. पत्र्याची एक कंपासपेटी बाकावरून पडली, आणि ती कुणाची, हे सांगायला ती पेटी सोडून सगळा वर्ग उत्सुक होता. चौऱ्याहत्तर.

साडेदहाला मधली सुट्टी झाली. घंटा वाजवली नाही. शिपायानं हिरवा रुमाल दाखवला. सूचनांमधले काही ठळक नियम असे : धावायचं ते मोज्यांवर. पकडापकडीत सापडलेल्या गड्यानं ‘आऊट नाही’ असं ओरडायचं नाही, दाद मागायची असल्यास उजवा हात वर करावा. डब्यात चकली, पापड, काकडी व इतर कुरकुरणारे पदार्थ आणू नयेत (शिरा, उपमा, केळं मान्य). रडायचं असल्यास शिक्षक खोलीत येऊन, दार लावून रडावं.

आणि नवल म्हणजे ते जमलं. एक्केचाळीस मुलं मोज्यांवर धावत होती आणि मैदानातून फक्त धापा ऐकू येत होत्या. दोघं आपटली. दोघांची तोंडं उघडली, डोळ्यांतून पाणी आलं, आवाज आला नाही. सरांनी टिपून घेतलं : ‘पडण्याचं प्रमाण पूर्वीइतकंच, बोंबलण्यात शंभर टक्के घट.’ रुचिताबाई पाहत होत्या. संजना दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धावत होती. सुट्टी संपायला चार मिनिटं उरली होती.

तेवढ्यात सरांच्या हातातला मोबाइल वाजला. आवाज मोजणारा तोच मोबाइल. त्यावर ढोल-ताशाची रिंगटोन होती.

फोन सोसायटीचे सेक्रेटरी दिपेशभाई यांचा होता. गडबडीत सरांचं बोट स्पीकरवर पडलं.

“सर, आज तो एकदम शांती है. थँक यू बोलने के लिए फोन किया.”

संजनाचे हात तोंडावरून सुटले. आधी ती हसली, मग सूरज, मग सगळा वर्ग. सकाळपासून दाबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. दिपेशभाईंनी विचारलं, “ये पीछे कौन है?” आणि फोन ठेवला.

ॲपनं रिंगटोनच्या वेळी एक्क्याऐंशीचा आकडा धरला होता. हसणं त्यानंतरचं. रुचिताबाईंनी हे सरांच्या नजरेला आणून दिलं.

“मॅडम, भंग हा भंग असतो,” सर मोजे काढत म्हणाले. “आणि फॉर्ममध्ये ‘जबाबदार विद्यार्थी’ असा रकाना आहे. मी कुठे विद्यार्थी आहे?”

या युक्तिवादात खोट काढता येत नाही.

बाई फॉर्म घेऊन बसल्या. एक नाव, की चाळीस मुलांची सुट्टी? त्यांनी ठरवलं, नाव द्यायचं नाही. सोसायटीच्या लोकांनाच गाठायचं. कुणाकुणाला गाठायचं हे बघायला त्यांनी परिशिष्ट उघडलं. सत्त्याण्णव सह्या. त्रेचाळिसावी सही बी विंग, सातशे तीन. अक्षर ओळखीचं होतं. खालची नागमोडी रेघही. फ्लॅट त्यांचाच होता.

मग त्यांना तो रविवार आठवला. कुकरची तिसरी शिट्टी, बेल, दारात पाळी संपवून निघालेला महिपत. “मॅडम, सगळ्यांनी केलीये. पाण्याचं असंल.” त्यांनी पेन मागितलं होतं.

बाईंनी रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. सरांनी ते खोडलं आणि ‘विद्यार्थी’ या शब्दाखाली रेघ मारली. शिपायानं दुसऱ्यांदा रुमाल दाखवला. बाहेर चाळीस जणांची सुट्टी ताटकळत उभी होती. रुचिताबाईंनी लिहिलं : संजना महिपत.

तेव्हापासून संजना सुट्टीत पहिल्या बाकावर बसते. तिच्या प्रगतिपुस्तकात ‘वर्तन’ या सदरात लक्षणीय सुधारणा नोंदवली आहे. ती आता हसत नाही. (नवरात्रात सोसायटीतल्या गरब्याचा आवाज त्याच ॲपवर मोजायचा प्रयत्न झाला, ॲप बंद पडलं. फोन जुना असावा.)

रुचिताबाईंनी दुसरा अर्ज लिहिला : आम्ही आमची तक्रार मागे घेत आहोत, मुलांना खेळू द्यावं. महिपतनं तो पहिल्यासारखाच दारोदार नेला, आणि तीन रविवारांनी परत आणून दिला. त्यावर दोनच सह्या होत्या, एक बाईंची, एक त्याची स्वतःची. त्याचा फ्लॅट नसल्यामुळे ती धरता येत नव्हती.

“पहिला कागद कुणी वाचला नव्हता मॅडम,” तो म्हणाला. “हा समदे वाचतात. चष्मा लावून, पार शेवटपर्यंत. मग म्हणतात, ठेव, विचार करतो.”

यावरून एक नियम निघतो : जो सही करतो तो वाचत नाही, आणि जो वाचतो तो सही करत नाही. आपण हे इथपर्यंत वाचलंत. त्यामुळे आपल्या दारावर महिपतला पाठवलेलं नाही.