दोन पायऱ्या वर

"पुन्हा एकदा," संगीतकार म्हणाला. "मी गातो तसं. अगदी तसंच."

तो गायला. काचेपलीकडे हेडफोन लावून उभ्या असलेल्या तिसरीने डोळे मिटले आणि तीही गायली. गोड गायली, स्वच्छ गायली, आणि त्याच्यापेक्षा दोन सूर वर गायली.

"तसंच नाही झालं."

"तसंच तर गायले!"

"अहो, तुम्ही दोन पायऱ्या वर आहात. मी दारात उभा आहे आणि तुम्ही माळ्यावरून बोलताय."

तिसरी गोंधळली. गेली सात वर्षं ती चार मुलींच्या बँडमध्ये डावीकडून तिसरी उभी राहायची, म्हणून तिचं नावच तिसरी पडलं होतं. मुख्य गाणारी चाल गायची आणि तिसरी त्या चालीच्या दोन सूर वर आपला बारीक आवाज लावायची. फुलाला वास असावा तसा तिचा आवाज गाण्याला होता. होता म्हणून कळायचा नाही, नसता तर चुकल्यासारखं वाटलं असतं. मग त्या चौघींचं फाटलं. कंपनीच्या मॅडमनी भांडणाच्या मीटिंगमध्ये पाहिलं, तर तिघी ओरडत होत्या आणि एकटी गप्प होती. "हिचा सोलो अल्बम काढा," त्या म्हणाल्या. "निदान डोकं तरी शांत राहील."

तिसरीला अल्बम हवा होता, तो आत्यासाठी. आत्या कपडे शिवायची आणि तिनेच तिसरीला वाढवलं होतं. बँडचं नवं गाणं आलं, की आत्या मशीन थांबवायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि बरा असलेला उजवा कान फोनला लावून शेवटपर्यंत ऐकायची. मग हमखास विचारायची, "छान आहे गं. पण यात तू कुठे आहेस?"

"ती मागची, आत्या. बारीक आवाज."

आत्या पुन्हा ऐकायची. "हं," म्हणायची. ते 'हं' फार मायेचं असायचं आणि त्यात तिला काहीही ऐकू आलेलं नसायचं. सात वर्षांत बावीस गाणी आणि बावीस 'हं'. आत्याला विचारावंच लागू नये असं एक तरी गाणं तिसरीला गायचं होतं.

"असं करू," संगीतकार म्हणाला, "मी गातच नाही. नुसतं संगीत लावतो. तुम्ही एकट्या गा."

संगीत सुरू झालं. गाण्याची जागा आली. तिसरीने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. सुरावट पुढे निघून गेली, थांब्यावर उभ्या माणसाला न घेता बस जावी तशी.

"काय झालं?"

"कोणीतरी सुरू करेल म्हणून थांबले."

"कोण सुरू करणार? सोलो आहे ना!"

"हो, पण मग मी कोणाच्या वर गाऊ?"

रेकॉर्डिस्ट कोपऱ्यात बसून संत्रं सोलत होता. वीस वर्षांत त्याने इतके आवाज पकडले होते, की स्वतःचा फारसा वापरायचा नाही. एक फोड तोंडात टाकून तो म्हणाला, "ही दोन वर जाते ना? मग हिच्या कानात कोणीतरी दोन खाली गायचं. आपोआप चालीवर येईल."

संगीतकाराने मनात आकडेमोड केली, बोटांवर केली, मग कागदावर केली. उत्तर तेच आलं. तो स्वतः दोन सूर खाली गायला बसला. पण चाल त्याचीच, पोटच्या पोरीसारखी. दोन ओळी खाली राहायचा आणि तिसऱ्या ओळीला ओढल्यासारखा मूळ जागी यायचा. तो वर आला, की तिसरी आणखी वर. दुपारपर्यंत दोघं इतक्या उंचीवर पोचले, की रेकॉर्डिस्टने हात जोडले.

चौथ्या दिवशी आत्या स्टुडिओत आली. प्रकाशनाच्या कार्यक्रमासाठी तिसरीचा निळा झगा शिवायचा होता आणि पोरगी घरी सापडत नव्हती. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. काचेच्या आत शिरून ती तिसरीभोवती फिरत मापं घेऊ लागली, आणि बाहेर जी चाल वाजत होती ती टाचण्यांच्या फटीतून गुणगुणू लागली. आत्याचा आवाज जाडसर, जमिनीवर अंथरलेल्या घोंगडीसारखा. वर चढायचा नाही. म्हणून तिने चालच खाली उतरवून घेतली होती.

तिसरीने सवयीने डोळे मिटले आणि सूर लावला.

संगीतकार खुर्चीतून उठला. रेकॉर्डिस्टचं संत्रं हातातच राहिलं. तिसरीचा आवाज नेमका चालीवर उतरला होता, पाखरू नेमकं आपल्याच फांदीवर उतरावं तसा.

"आत्याबाई! थांबू नका! गात राहा!"

"कोण गातंय?" आत्याने टाचण्या काढून विचारलं. "मी कंबर मोजतेय."

आत्याची नेमणूक झाली. शेजारच्या खोलीत ती बसेल, हेडफोनवर संगीत ऐकेल, दोन सूर खाली गाईल. तिचा आवाज तिसरीच्या कानात जाईल आणि नंतर पुसून टाकता येईल. आत्याला एकच अडचण होती.

"मला नुसतं बसून गाता येत नाही हो. हात रिकामे असले की घसा बंद. पायाखाली मशीन पाहिजे."

मशीन आलं. मशीनला कापड हवं, कारण आत्या रिकामं मशीन चालवणाऱ्यातली नव्हती. अकरा गाण्यांत स्टुडिओच्या सगळ्या खुर्च्यांना नवी कव्हरं झाली, सोफ्याला झाली आणि रेकॉर्डिस्टच्या छत्रीलाही एक पिशवी झाली. आवाज मात्र भिंतीतून झिरपत राहिला. सगळ्या गाण्यांमागे खडखड, खडखड असा मशीनचा ठेका वाजू लागला.

"हा कसा काढायचा?" संगीतकाराने डोकं धरलं.

"राहू दे," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "तुमच्या ड्रमपेक्षा बरा आहे."

"पण मधेच थांबतोय!"

"तिथे दोरा संपतो."

मॅडमनी अल्बम ऐकला. "आवाज सुरेख. आणि हा ठेका कुठला? परदेशातून मागवलात का?" संगीतकार नुसता हसला. मॅडम खूश होऊन म्हणाल्या, "मग प्रकाशनाला ती प्रत्यक्ष गाईल. दोन हजार लोकांसमोर. एकटी. मागून काही वाजवून तोंड हलवायचं नाही. लोकांना कळू दे, खरी गाणारी आहे. त्या दिवशी जमलं तर दुसरा अल्बम. नाही जमलं तर तिने पुन्हा कोणाच्या तरी मागे उभं राहावं."

संगीतकाराचं हसू चेहऱ्यावरच वाळलं.

त्यात एक गाणं आठवडाभर आधी बाहेर पडलं. 'एकटी मी, एकटी, माझी वाट माझ्यापाशी.' साधी चाल, पायात घातली की चालू लागणारी. चार दिवसांत ती गावभर झाली. भाजीवाली वजन करताना म्हणू लागली, शाळेच्या गाडीत पोरं कोरसमध्ये 'एकटी मी, एकटी' ओरडू लागली. संगीतकाराला आनंदाने झोप येईना. त्या आनंदात पुढचा धोका त्याला दिसला नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पडद्यामागे मशीन बसवलं. आत्याच्या कानांवर हेडफोन, तोंडापुढे माइक, आणि तिचा आवाज फक्त तिसरीच्या कानातल्या छोट्या यंत्रात. शिवायला काय, तर रंगमंचाच्या पडद्याचीच खालची दुमड उसवलेली होती. आत्याला ते बघवेना. तिने तीच मशीनवर घेतली.

"घाबरू नकोस, बाळ," आत्या म्हणाली. "मी आहेच मागे."

"आत्या, आज तू कशी ऐकणार मला? तुझ्या कानात तर संगीत असेल."

"घरी गेल्यावर ऐकेन. अल्बम कुठे पळतोय का?"

निळा झगा घालून तिसरी पुढे गेली. पहिलं कडवं उत्तम झालं. आत्या खाली, ती चालीवर, मॅडम पहिल्या रांगेत मान डोलवतायत. मग धृपद आलं, आणि दोन हजार माणसांनी तोंडं उघडली.

'एकटी मी, एकटी!' सगळं सभागृह गाऊ लागलं. नेमक्या चालीवर.

तिसरीच्या कानात खाली आत्या होती आणि समोर हे दोन हजार लोक. कोणाच्या वर जायचं? क्षणभर तिचा आवाज दोन गच्च्यांच्या मधोमध लोंबकळला. मग सात वर्षांच्या सवयीने त्याला उचललं आणि लोकांच्या दोन पायऱ्या वर नेऊन ठेवलं.

मॅडमची मान थांबली. "हे काय गातेय?"

बाजूला उभ्या संगीतकाराने निवेदकाला खूण केली. निवेदक धावत माइकपाशी गेला. "रसिकहो, कृपया आपण गाऊ नका!" लोकांना वाटलं, हा चिडवतोय. ते आणखी जोरात गायले.

संगीतकार पडद्यामागे पळाला. "आत्याबाई! आणखी दोन सूर खाली जा! ती वर गेलीय, तिला खाली ओढा!"

"आणखी खाली?" आत्या ओरडली. "याच्या खाली माझ्यात काही नाही!"

"प्रयत्न तरी करा!" म्हणत तो जवळ यायला धडपडला, आणि मधे आलेला पडदा त्याने दोन्ही हातांनी बाजूला ओढला. तो पडदा मशीनवर होता. कट् झालं. सुई मोडली.

मशीन थांबलं. मशीन थांबलं तशी आत्याही थांबली.

तिसरीच्या कानात एकदम पोकळी झाली. पायाखालची घोंगडी कोणीतरी ओढून घेतली होती. समोर फक्त लोक उरले आणि त्यांची चाल. ती त्यांच्या वर गात राहिली. दुसरं तिला काही येतच नव्हतं. दुसरं धृपद, तिसरं धृपद. खाली दोन हजार जण 'एकटी, एकटी' म्हणत होते आणि वर तिचा एक बारीक धागा थरथरत निघाला होता.

मॅडम तरातरा रेकॉर्डिस्टपाशी आल्या. "गाणं तर लोक गातायत. मग ही काय गातेय?"

"बाकीचं," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

पडद्यामागे आत्याने नवी सुई काढली. सुईचं भोक बघायला चष्मा हवा, चष्मा घालायला हेडफोन अडत होते. तिने हेडफोन काढले. उजवा कान मोकळा झाला, आणि ती सुई हातात धरून तशीच थांबली.

"हा कोणाचा आवाज? वरचा?"

"कोणाचा म्हणजे?" संगीतकार रडकुंडीला आला होता. "तिचाच! चाल सोडून गातेय!"

आत्या उठली. गळ्यात टेप, बोटांत सुई, शिवलेल्या पडद्याच्या कडेने ती पुढे आली आणि दिव्यांच्या उजेडात येऊन उभी राहिली. उजवा कान तिने पुढे केला होता. गाणं संपलं, टाळ्यांचा लोंढा आला, आणि तिसरीने वळून पाहिलं तर आत्या तिथे.

"ही तू होय?" आत्या म्हणाली. "सात वर्षं मी खालीच शोधत होते की गं."

तिसरीला रडावं की हसावं कळेना. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. ते उभे राहिले.

तिसरी, संगीतकार आणि आत्या, तिघंही मॅडमच्या खोलीत शिक्षेला उभं राहावं तसे उभे होते. बाहेर लोक पांगायला तयार नव्हते; वाहनतळावर 'एकटी मी' चालू होतं.

मॅडमनी खिडकी उघडून बाहेरचं गाणं ऐकलं. मग म्हणाल्या, "मला काही कळलेलं नाही. पण लोकांना सोडवत नाहीये. दुसरा अल्बम करा. या वेळी चाल लोक गातील, ही वर गाईल."

"मग त्याला सोलो कसं म्हणायचं?" संगीतकाराने विचारलं.

"ते माझ्यावर सोडा. आणि तो परदेशी ठेका तेवढा ठेवा."

आत्याने मान डोलावली. "ठेवते," ती म्हणाली. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, संगीतकाराकडे पाहिलं, आणि काही न विचारता तिघांना निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी चहाचा कप घेऊन आत्यापाशी बसली. तिने फोनवर अल्बम लावला. पहिल्यापासून, नीट, ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता तो. आत्याने चष्मा कपाळावर सरकवला, उजवा कान फोनला लावला. अख्ख्या गाण्यात तिसरीचा एकच आवाज होता, चालीवर, स्पष्ट. मागे खडखड, खडखड. तिसरी श्वास रोखून आत्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

गाणं संपलं.

"हे माझं मशीन," आत्या म्हणाली. "ओळखलं मी. इथे दोरा संपला होता."

"हो, आत्या."

"छान आहे गं." आत्या थोडी घुटमळली. "पण यात तू कुठे आहेस?"

 फोन बंद करून तिसरीने बाजूला ठेवला, सुईत दोरा ओवून दिला आणि मशीनचं चाक हाताने हलकेच फिरवलं.

"तू सुरू कर, आत्या."