आईसाठी बोलका स्कॅनर

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला बंद झालेल्या दुकानातून जुना बारकोड स्कॅनर मिळाला, तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं.

"आई, आता तुझ्या चहात मीठ पडायचं नाही," त्यानं जाहीर केलं.

आईची नजर अधू झाली होती, पण डबा ओळखायला कुणाची मदत मागणं तिला पटत नव्हतं. म्हणून त्यानं स्कॅनरची वायर कापून आत ब्लूटूथचा तुकडा आणि जुन्या मोबाइलची बॅटरी डकवली. घट्ट खटका काढून तिथं दाराच्या घंटीचं मोठं बटण बसवलं, म्हणजे आईच्या बोटाला ते पटकन सापडेल. प्रत्येक डब्यावर आतल्या जिन्नसाच्या नावाचा कोड चिकटवला. स्कॅनर रोखायचा, बटण दाबायचं, की तो ते नाव टाइप करून एंटरही मारणार आणि ओट्यावरचा कॉम्प्युटर ते बोलणार. रात्री बायकोच्या लॅपटॉपला जोडून त्यानं चाचणीही घेतली होती.

सकाळी आईनं ऐटीत पहिला डबा टिपला. कॉम्प्युटर गप्प.

"मुका आहे का रे हा?"

"पुन्हा दाब, आई. लाजतोय."

आतल्या खोलीत बायको ऑफिसच्या कामाला बसली होती. बहिणीच्या बाळंतपणासाठी तिला रजा हवी होती, आणि दोनदा नाही म्हणालेले साहेब आज कुठे जरा विरघळत होते. स्क्रीनवर त्यांचा प्रश्न आला, 'रजा कशासाठी?'

तिनं बोट उचलायच्या आत उत्तर गेलं, 'मीठ.' पाठोपाठ पुन्हा, 'मीठ.'

'तुमचं काम कोण बघणार?'

'तांदूळ.'

'मॅडम, थट्टा करताय?'

'साबण.'

घाईघाईनं तिनं लिहायला घेतलं, 'माफ करा, साहेब, तुम्ही म्हणजे आमचे' आणि 'वडीलधारे' लिहिणार एवढ्यात स्वयंपाकघरात बटण दाबलं गेलं. वाक्य पूर्ण होऊन साहेबांकडे पोचलं. 'माफ करा, साहेब, तुम्ही म्हणजे आमचे बटाटे.'

मग उत्तर आलं. ते वाचून ती लॅपटॉपसकट स्वयंपाकघरात धावली.

नवऱ्यानं स्क्रीनवर 'बटाटे' पाहिले आणि तो जागच्या जागी उडालाच. "चालतोय! आई, चालतोय! नुसता कालच्याच लॅपटॉपला चिकटून बसला होता."

"मग मी उगाच त्याला मुका म्हणाले," आई समाधानानं म्हणाली.

"खाली वाचा," बायको म्हणाली.

त्यानं मोठ्यानं वाचलं, "'तुमच्या डोक्यावर ताण आलेला दिसतो. उद्यापासून रजा घ्या.'" त्याची छाती फुगली. "बघ, दोनदा मागून मिळाली नाही ती रजा माझ्या यंत्रानं मिळवून दिली."

"अजून एक ओळ आहे."

"'परत येताना डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणा.'"

"तो मी कुठून आणू?" बायकोनं शांतपणे विचारलं. "का तोही तुमचं यंत्रच देणार, अहो?"