मुनवर मास्तरांची तुर्की

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर बेंबळीच्या शाळेतून फारशी गेली आणि तिच्या मागोमाग मुनवर मास्तरही घरी बसले. बायको कुलसुमबी लोकांचे कपडे शिवायची, त्यावर चूल पेटायची. मास्तरांना घास गिळवत नसे. तशात कळलं की मुंबईतल्या एका तुर्की व्यापाऱ्याला रोजची तुर्की बोलणारा मुनशी हवाय. मास्तरांनी अरबी लिपीतलं जुनं तुर्की पुस्तक पैदा केलं. पहिलाच धडा चालू क्रियांचा: समोर जे घडतंय ते मोठ्यानं म्हणायचं.

पाठांतराची त्यांना एकच रीत ठाऊक, मदरशातली. मांडी घालायची आणि पुढंमागं झुलत म्हणायचं. बसायला जागाही एकच, तापानं पडलेल्या सासूचं, अजीजाबींचं उसं. त्यांचा नवरा पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत रानात एकटा मेला होता. आपण मरताना घर माणसांनी भरलेलं असावं, एवढीच म्हातारीची आस होती.

"निने उयुयोर..." मास्तर झुलू लागले. म्हणजे, आजी झोपलीय.

शेजारचे शिवलिंगप्पा ताक घेऊन दारात आले. आजाऱ्याचं उसं, अरबी अक्षरं, झुलणं! मुसलमान शेवटच्या घटकेला कुराणातली यासीन वाचतात, हे त्यांना पक्कं माहीत. ते ताकासकट माघारी पळाले आणि म्हातारी गेली म्हणून सांगत सुटले.

घटकाभरात घर बायांनी भरलं. कुलसुमबीला विहिरीवरच बातमी लागली, ती ऊर बडवत आली. तिकडं कबर खोदायला माणसं गेली. एवढ्या बाया रडताना पाहून मास्तर चक्रावले, पण धडा सुटायला नको म्हणून "आलियोर, आलियोर" करत राहिले.

पेशइमाम जैनोद्दीननी कान दिला. "मास्तर, ही कुठली यासीन?"

"यासीन न्हाय, तुर्की हाय. बाया रडतायत, असं म्हणतोय."

त्या गलक्यानं अजीजाबींनी डोळे उघडले. "कोण मेलं गं?"

"अम्मा, तुमीच!" कुलसुमबी ओरडली.

"आता कबरीचं काय?" इमामांनी कपाळाला हात लावला. "निम्मी खोदून झाली."

"मग जावयाला घाला," म्हातारी म्हणाली. मग भरल्या घरावरून तिनं नजर फिरवली. "एवढी मानसं माज्यासाठी आली? बसा की थोडं."

पण लोक चिडले होते, हसत होते. कोणी बसलं नाही. पुढं मास्तरांचा आवाज निघाला की अख्खी गल्ली खिदळायची.

चार दिवसांनी कुलसुमबी बाजारात गेली असताना अजीजाबींना घरघर लागली. मास्तर दारात जाऊन ओरडले, "या हो, अम्मा चालल्या!"

"कुठल्या भाषेत?" पलीकडून कोणीतरी विचारलं.

मास्तर धावत आत आले. त्यांनी कुराण उघडलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशी यासीन सुरू केली. भिंतीपलीकडं माणसं गोळा झाली.

"मास्तर, जोरात येऊ द्या! आता म्हातारी काय करतीया?" शिवलिंगप्पांनी हाक दिली, आणि हशा पिकला.

अजीजाबींचे डोळे मिटत आले होते. कानावर एवढाले आवाज पडले तशी त्यांनी जावयाचा हात चाचपला.

"मानसं आली का रं?"

वाचन मधेच तोडता येत नव्हतं. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यांनी नुसती होकाराची मान हलवली.