व्याह्यांच्या ताटातलं डोकं

धाकूच्या तोंडून ती गोष्ट निघून गेली, आणि मग ती परत गिळता येईना. मुलीचा, हौसाचा, साखरपुडा नुकताच झाला होता, लग्न वैशाखात ठरलं होतं. व्याही महिपत म्हणजे मिरकरवाड्यातलं वजनदार माणूस, दोन लाँचांचे मालक. धाकूकडे होती भाट्याच्या खाडीतली एक सपाट बुडाची होडी, गुडघाभर पाण्यातही चालणारी आणि त्याहून खोल पाणी क्वचितच पाहिलेली. साखरपुड्याच्या मांडवात वरपक्षातलं कुणीतरी हसत म्हणालं की, खाडीवाल्यांकडे जेवायला गेलं तर ताटात काय, तिसऱ्या आणि बोय, खाडीतली हलकी मासळी. धाकूला ते फार लागलं.

"येत्या रविवारी या जेवायला," तो भर मांडवात महिपतांना म्हणाला. "मी सोता गळाला लावलेला हेकरू घालतो पानात. डोकं तुमचं."

हेकरू हा मोठा मासा खाडीत येत नाही. तो किनाऱ्यापासून तीन-चार मैलांवर, समुद्राच्या तळातल्या खडपात, खडकांच्या कपारींत राहतो. धाकूच्या बापानं असे हेकरू पुष्कळ आणले होते. धाकूनं आयुष्यात एकही धरला नव्हता. पण बापाकडून जागेच्या खुणा त्याला पाठ होत्या: टेकडीवरचं आप्पा खोतांचं पांढरं घर आणि किनाऱ्यावरचा वाकडा माड एका रेषेत आले, आणि तिकडे दीपगृह किल्ल्याच्या बुरुजाला टेकलं, की खाली खडप. सगळ्या टेकडीवर चुना लावलेलं घर ते एकच. बाकीची सगळी उघड्या चिऱ्याची, लालच्या लाल.

रविवारी पहाटे धाकू आणि त्याचा मेव्हणा रघू जमिनीकडून समुद्रात वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर निघाले. रघूनं खाडीच्या तोंडाशीच एकदा विचारून पाहिलं की, ही होडी तिसऱ्या गोळा करायची, तिला एवढं लांब न्यायचं म्हणजे जरा जास्त होत नाही का. धाकूनं त्याला गप्प बसवलं. उजाडलं तेव्हा किनारा करंगळीएवढा दिसत होता आणि होडीत घोटाभर पाणी होतं. रघू नारळाच्या करवंटीनं ते उपसत होता. धाकूनं डोळे बारीक करून घर आणि माड जुळवले, दीपगृह बुरुजाला टेकवलं आणि बांगड्याचा तुकडा लावून गळ सोडला.

अर्ध्या तासात दोर जड झाला. ओढला तर येईना, सोडला तर जाईना. धाकूला आनंदानं घाम फुटला. हेकरू गळाला लागला की खडपाच्या बिळात शिरून फुगून बसतो, तेव्हा दोर सैल सोडून वाट बघायची, हे बापानं सांगितलेलं त्याला नेमकं आठवलं. त्यानं दोर सैल सोडला. दोघांनी एकेक विडी ओढली. मग पुन्हा ओढलं. पुन्हा सैल सोडलं. चार विड्या संपल्या तरी मासा बिळातच होता.

शेवटी दोघांनी एका बाजूला येऊन एकदम जोर लावला. होडी कलली, काठावरून भसकन पाणी आत आलं, आणि पाण्याखालून वर आलं ते जाळं. कुणीतरी लावून ठेवलेलं, चांगलं लांबलचक, नवं नायलॉनचं जाळं. गळ त्यात असा गुंतला होता की होडीच आता त्या जाळ्याला बांधली गेली होती आणि प्रत्येक लाटेला खाली ओढली जात होती.

"भावजी, कापा," रघू म्हणाला. "बुडतो आपण."

धाकूनं कोयता घेतला आणि दिसेल तिथं चालवला. होडी सुटली, जाळ्याला मात्र बैलगाडी जाईल एवढं भोक पडलं. कापलेला तुकडा होडीत येऊन पडला आणि त्यात, कल्ल्यांशी अडकलेला, अजून तोंड उघडझाप करणारा चांगला आठ किलोचा हेकरू होता. जवळच जाळ्याची जागा दाखवणारा पत्र्याचा डबा तरंगत होता. लाल डबा, त्यावर दोन पांढरे पट्टे.

"हे डबे महिपतांचे," रघू हळूच म्हणाला.

धाकूनं किनाऱ्याकडे पाहिलं. जाळी लावायची जागा वाळूतळाची, खडप तर अजून बरंच दक्षिणेला. मग आपण इथं कसे? आणि त्याला दिसलं, टेकडीवर पांढरी घरं दोन होती. एक आप्पा खोतांचं. दुसरं त्याच्या खाली, माडाच्या बरोबर रेषेत, ते धाकूचं स्वतःचं. लग्नासाठी त्यानं परवाच हौसेनं चुना लावून घेतला होता.

मासा परत टाकावा, असं धाकूच्या मनात आलं. मग मांडवातलं ते हसू आठवलं. त्यानं मासा गोणपाटाखाली झाकला आणि तोंड फिरवून वल्हं धरलं. घरी येईपर्यंत त्याला मेव्हण्याकडे बघवलं नाही.

आळीत मात्र कौतुक झालं. लोक मासा बघायला आले, आणि धाकूला चार विड्यांची झुंज खुलवून सांगावी लागली. सांगता सांगता त्याला एकदम धस्स झालं. गळाला लागलेल्या माशाच्या ओठात भोक असतं. या माशाला ते नव्हतं, आणि डोकं अख्खं जाणार होतं अशा माणसाच्या ताटात, ज्याचा जन्म मासे चाचपण्यात गेला होता. तो मागच्या दारानं चुलीशी गेला आणि बायकोला म्हणाला की डोक्याचे चार तुकडे कर, जाडजूड आहे, शिजायचं नाही.

"व्याह्यांचं डोकं मी फोडायची नाय," काशी म्हणाली. "माणसं नावं ठेवतील."

पंगत बसली. डोकं अख्खंच्या अख्खं महिपतांच्या ताटात आलं. ते शांतपणे जेवत होते. त्यांनी गालाचं मांस काढून खाल्लं, डोकं उलटं केलं, मग ओठावरून अंगठा फिरवला. एकदा या बाजूनं, एकदा त्या. महिपतांनी मान वर केली.

"व्याही, येक इचारू काय?"

शरमेनं धाकूचे कान पेटले. आता हे भर पंगतीत उघडं पडणार, सोयरीक मोडणार आणि पोरगी आयुष्यभर आपल्याला बोल लावणार, हे त्याला लख्ख दिसलं. दुसऱ्यानं काढण्यापेक्षा आपणच बोललेलं बरं, म्हणून तो ताटावरून उठून उभा राहिला.

"जाळं तुमचं व्हतं," तो म्हणाला. "मीच कापलं. मासा तुमच्याच जाळ्यातला. माजी चूक झाली."

महिपतांनी हातातलं डोकं ताटात ठेवलं.

"कसलं जाळं?" ते म्हणाले. "मी इचारणार व्हतो, केवढ्याला घेतलात. मीबी माज्या सासऱ्याला इकतचाच खायला घातलेला, गळाचा म्हणून."

धाकू तसाच उभा राहिला. बसावं कसं हे त्याला कळेना. महिपतांनी खरकट्या हातानंच त्याला बसायची खूण केली आणि डोकं संपवलं. लग्न ठरल्याप्रमाणे होईल, हात धुताना ते म्हणाले, फक्त त्याआधी जाळं शिवून हवं.

दुसऱ्या दिवसापासून धाकू मिरकरवाड्याच्या धक्क्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत, जाळं पसरून बसला. येईल त्याला महिपत सांगत, "आमचे व्याही. हौसेनं मदतीला आलेत." ते चांगुलपणानंच सांगत, पण प्रत्येक वेळी धाकूला धक्क्यात गाडून घ्यावंसं वाटे. मासळी विकणारी गोदा तर रोज टोपली खाली ठेवून विचारायची की व्याही, कसं काय चाललंय, आणि धाकू रोज मान खाली घालून म्हणायचा, मदत करतोय.

आठव्या दिवशी त्याला ते सहन होईना.

"मदत नाय," तो म्हणाला. "ह्ये मीच कापलंय. चोरून मासाबी नेला."

"म्हायत हाय," गोदा म्हणाली. "तुमच्या मेवण्यानं पयल्याच दिशी समद्या बंदराला सांगितलं."

"मग आठ दिस रोज इचारत कशापायी व्हतीस?"

"तुमी काय सांगताव ते ऐकाया."

तिनं टोपली उचलली आणि लिलावाकडे गेली. धाकूनं जाळ्याची शेवटची गाठ मारली, आणि ती नीट बसली नाही म्हणून सोडून पुन्हा मारायला घेतली.